भीती वाटते? वाटू दे!

मराठी विभागासाठी लेख देशील का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळाच आला. मी कॉन्व्हेंटची. मराठी बोलते भरपूर, घरी आजीशी भांडतेही मराठीतच. पण लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागतात. तरी 'हो' म्हटलं. कारण मला ज्या विषयावर लिहायचं होतं तो विषयच भीती हा आहे. तिथेच घाबरून मागे फिरले असते तर मग लिहायचं कशाला?

सुरुवात एका कबुलीने करते.

फर्स्ट इयरचं वर्कशॉप प्रॅक्टिकल. खाकी एप्रन घालून आम्ही सगळे लेथभोवती उभे. त्या दिवशी सर जाम तापलेले होते, आधीच्या बॅचने कुणीतरी टूल मोडलं होतं. "मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही," अशी तंबी मिळालेली. माझ्या बॅचमधला एक मित्र जॉब चकमध्ये बसवत होता. त्याने चक आवळला, चावी तशीच चकमध्ये राहिली आणि तो स्विचकडे वळला. मला ती चावी दिसली. स्पष्ट दिसली. मनात आलं, ओरडावं. लगेच दुसरा विचार आला, त्याला दिसली असेलच की. तिसरा विचार : आणि नसेल तर सर बघतील. हे तीन विचार येईपर्यंत मशीन सुरू झालं, चावी सुटून उडाली आणि त्याच्या भुवईच्या वर लागली. सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

चावी मला दिसली होती हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं ती चावी माझ्या डोक्यात फिरत राहिली. मी भित्री आहे का? आणि असेन, तर ते बदलता येतं का? या प्रश्नांच्या मागे लागून जे थोडंफार वाचलं, समजलं, ते इथे मांडते.

शरीरात नक्की काय होतं?

मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागली की आपण नीट विचार करायच्या आत हा भाग घंटा वाजवतो. तिथून हायपोथॅलॅमसमार्फत मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अॅड्रेनल ग्रंथींना निरोप जातो आणि अॅड्रेनलिन रक्तात मिसळतं. छाती धडधडते, श्वास जलद होतो, तोंड कोरडं पडतं. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात. पळा, लढा, नाहीतर जागच्या जागी थिजा, अशी सगळी तयारी. समोर वाघ असेल तर फारच उपयोगी!

गंमत अशी की आपल्या शरीराला वाघ आणि एचओडींची केबिन यातला फरक फारसा कळत नाही. ओरलच्या वेळी घाम येतो तो याच व्यवस्थेमुळे. म्हणजे भीती वाटणं हा काही कॅरेक्टरमधला डिफेक्ट नाही, ती सर्वांच्यात फिट केलेली यंत्रणा आहे. शूर माणसात ही यंत्रणा नसते असं आपल्याला उगाच वाटतं. असते, आणि ती वाजतेही तितक्याच जोरात.

मग प्रश्न उरतो तो हा की, घंटा वाजत असताना काही माणसं हात वर करतात आणि काही करत नाहीत, हे कसं? याचं उत्तर मला सैन्याच्या किंवा गिर्यारोहणाच्या गोष्टींत सापडलं नाही. ते सापडलं आपल्याच जातकुळीच्या माणसांत, इंजिनिअर्समध्ये.

ती रात्र

27 जानेवारी 1986. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 'चॅलेंजर' हे अंतराळयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं. सात जण त्यातून जाणार होते, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही एक शाळेतली शिक्षिकाही. पण त्या रात्री फ्लोरिडात कधी नव्हे ती गोठवणारी थंडी पडणार होती.

यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे बूस्टर असतात. ते युटा राज्यातली मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवत असे. बूस्टर अखंड नसतो, तुकडे जोडून उभा करतात. प्रत्येक जोडात गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या दोन रिंगा, म्हणजेच ओ-रिंग. इंजिन पेटलं की दाबामुळे जोड किंचित उघडतो आणि त्याच क्षणी रबराने फुगून ती फट भरायची असते. थंडीत रबर कडक होतं, सुस्त होतं. जानेवारी 1985 च्या थंड हवेतल्या उड्डाणात पहिल्या रिंगेला ओलांडून वायू गेल्याची काजळी सापडली होती. तेव्हा जोडाचं तापमान होतं साधारण 12 अंश सेल्सिअस. रॉजर बॉइसजॉली नावाच्या इंजिनिअरने जुलै 1985 मध्येच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की, हे दुरुस्त केलं नाही तर माणसं जातील.

त्या रात्री टेलिफोनवर बैठक झाली. एका बाजूला नासा, दुसऱ्या बाजूला थायोकॉल. बॉइसजॉली आणि त्याचा सहकारी आर्नी थॉम्प्सन यांनी जीव तोडून सांगितलं, 12 अंशांच्या खाली उडवू नका. कंपनीनेही आधी तसंच कळवलं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, त्याचा झाला अर्धा तास. दोघं पुन्हा टेबलापाशी गेले, जोडाचं चित्र काढून दाखवलं, काजळीचे फोटो पुढे ठेवले. शेवटी वरच्या साहेबांनी इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. चार मॅनेजर्सनी निर्णय घेतला. उडवा!

नासाला आता सही हवी होती. कंपनीचा फ्लोरिडातला वरिष्ठ प्रतिनिधी होता अॅलन मॅकडोनल्ड. सहीची जबाबदारी त्याची. त्याने सही करायला नकार दिला. समोर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, मागे स्वतःची कंपनी, घरी बायको-मुलं. तरी नाही म्हणाला. मग युटामधून दुसऱ्या अधिकाऱ्याने सही करून कागद फॅक्सने पाठवला.

28 जानेवारीच्या सकाळी तापमान होतं सुमारे 2 अंश. उड्डाणानंतर 73 सेकंदांत सगळं संपलं. सातही जण गेले.

हे वाचताना मला एक गोष्ट एकदम जाणवली. त्या खोलीतली भीती स्फोटाची नव्हती, बैठकीची होती! युटातल्या त्या टेबलाभोवती कुणाचाच जीव धोक्यात नव्हता. धोका होता तो नोकरीला, इभ्रतीला, 'हा नेहमीच अडवतो' असं म्हणून घेण्याला. आपल्याही आयुष्यात नव्वद टक्के वेळा असंच असतं. 'कर नाही त्याला डर कशाला' असं आपण म्हणतो खरं, पण इथे काही चूक न करणाऱ्यांनाच जास्त डर होती.

मॅकडोनल्डची गोष्ट तिथे संपत नाही. चौकशी आयोगाच्या 10 फेब्रुवारीच्या बंद बैठकीत तो मागे बसला होता. नासाच्या माणसाचं निवेदन ऐकताना त्याच्या लक्षात आलं की, आदल्या रात्रीचा विरोध खरा किती होता हे आयोगाला कळतच नाहीये. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि आम्ही उडवू नका असं सांगितलं होतं, हे त्याने सर्वांसमोर सांगून टाकलं. परिणाम? कंपनीने त्याला बाजूला सारलं. अमेरिकन संसदेतून दबाव आला तेव्हा कुठे त्याला परत आणलं, आणि बूस्टरचा जोड नव्याने डिझाइन करायचं काम त्याच्याकडेच आलं. सप्टेंबर 1988 मध्ये शटल पुन्हा उडालं ते त्या नव्या जोडावर. बॉइसजॉलीच्या वाट्याला मात्र एकटेपण आलं. सहकाऱ्यांनी तोंड फिरवलं, त्याने कंपनी सोडली. पुढे तो कॉलेजाकॉलेजांतून इंजिनिअरच्या नीतिमत्तेवर बोलत राहिला. म्हणजे धैर्य दाखवलं की शेवट गोड होतो, असं काही नाही हं!

न पाठवलेला मेल

दुसरी गोष्ट माझ्या जन्माच्या आधीची, पण आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली. 16 जानेवारी 2003 ला 'कोलंबिया' यान उडालं. त्यात आपल्या कर्नालची कल्पना चावला होती, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजची विद्यार्थिनी. उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. वजन साधारण पाऊण किलो, पण वेग भयंकर. दुसऱ्या दिवशी फिल्म बघताना हे इंजिनिअर्सना दिसलं.

नासातले रॉडनी रोशा हे इंजिनिअर अस्वस्थ झाले. बाहेरून पंखाचे फोटो मिळवा, अशी विनंती त्यांनी मेलवरून केली. नकार आला. मग त्यांनी एक कडक मेल लिहिला, ही चूक आहे, हे बेजबाबदारपणाचं आहे, अशा अर्थाचा. सुरक्षित वाटत नसेल तर तसं सांगा, अशी पोस्टर्स आपल्याकडे भिंतींवर लावलेली आहेत, याची आठवणही त्यात करून दिली होती. मेलची प्रिंट काढली, एका सहकाऱ्याला दाखवली. पण तो मेल त्यांनी वर पाठवला नाही. आपण त्या उतरंडीत फार खाली आहोत असं वाटलं, असं त्यांनी नंतर एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं. 1 फेब्रुवारी 2003 ला परतताना कोलंबियाचे आकाशातच तुकडे झाले.

तो मेल गेला असता तर सगळे वाचले असते असं म्हणणं बरोबर होणार नाही. इतरांनीही फोटो मागितले होते, तेही कुणी ऐकलं नाही. आणि रोशांना नावं ठेवायला मी कोण? उलट तो प्रिंट काढलेला, न पाठवलेला मेल वाचला तेव्हा मला आमची लेथची चावीच आठवली. दिसलं होतं, कळलं होतं, शब्दसुद्धा तयार होते. फक्त शेवटचं एक बोट हललं नाही.

गर्दीचं गणित

हे बोट का हलत नाही यावर 1950 च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने साधे प्रयोग केले. कार्डावर रेघा दाखवायच्या आणि कुठल्या दोन सारख्या लांबीच्या आहेत ते विचारायचं. पहिलीतल्या पोरालाही जमेल. पण खोलीतले बाकी सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देणार. खरा परीक्षार्थी एकटाच. तर डोळ्यांना दिसत असूनही अशा फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश वेळा माणसं गर्दीबरोबर चुकीचं उत्तर देऊन मोकळी झाली. मग अॅशने बदल केला. खोलीत बरोबर उत्तर देणारा आणखी एक जण बसवला. फक्त एक! तेवढ्याने गर्दीमागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली आलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की धैर्य ही आतून, एकट्याने उपसून काढायची गोष्ट आहे. पण टेबलापाशी बॉइसजॉलीच्या शेजारी थॉम्प्सन होता, हे विसरून चालणार नाही.

आणि आमची गो-कार्ट

आता पुन्हा आमच्या वर्कशॉपमध्ये येऊ. गेल्या वर्षी आमच्या टीमने गो-कार्ट बनवली. मी टीममधली ज्युनिअर. एका संध्याकाळी गाडी पुसताना ब्रेक पेडलचा ब्रॅकेट जिथे चेसिसला वेल्ड केलाय, तिथे मला केसासारखी बारीक रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल होती. मी कॅप्टनला म्हटलं, "दादा, इथे क्रॅक वाटतोय." दादाने वाकून न बघताच सांगितलं, "अगं, रंगाचा ओरखडा असेल. आता काही काढू नकोस हं." आजूबाजूचे हसले. मी पण हसले. कान मात्र तापले होते.

हॉस्टेलवर आले, जेवण गेलं नाही. शाळेत बारा वर्षं टीचर आत आल्या की 'फिंगर ऑन युअर लिप्स' करून बसलो आम्ही, ते बोट अजून ओठांवरून उतरलं नव्हतं बहुतेक! रात्री दोनदा मोबाईलवर ग्रुपमध्ये मेसेज टाईप केला, दोनदा खोडला. दुसऱ्यांदा खोडताना एकदम रोशांचा मेल आठवला आणि अंगावर काटा आला.

पण मेसेज टाकूनही काय झालं असतं? 'मला वाटतंय' एवढंच होतं माझ्याकडे. चॅलेंजरच्या वेळीही इंजिनिअर्सना आकडा देऊन सिद्ध करा असं म्हटलं गेलं आणि त्यांच्याकडे काजळीच्या फोटोंपलीकडे फारसा पुरावा नव्हता. पुढे चौकशी आयोगात रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने काय केलं? बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात चिमट्याने दाबलेला ओ-रिंगचा तुकडा बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला आणि तो पटकन मूळ आकारात येत नाही हे सगळ्यांना दाखवलं. एका ग्लासात काम झालं.

मी रूममेटला उठवलं. ती इलेक्ट्रिकलची, पण आमच्याच टीममध्ये. म्हटलं, सकाळी माझ्याबरोबर येशील का? नुसती उभी राहा. ती "बरं" म्हणून पुन्हा झोपली. सकाळी लॅबच्या काकांकडून डाय पेनिट्रंटचं किट मागून घेतलं. प्रॅक्टिकलला आपण सगळे करतो तेच : भाग साफ करायचा, लाल डाय मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. क्रॅक असेल तर आत शिरलेला लाल रंग बाहेर येतो. हात इतके थरथरत होते की डाय माझ्याच सलवारवर सांडला. भीती गेली वगैरे अजिबात नव्हती.

दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. तीन सेंटिमीटर तरी असेल. दादा आला, बघितलं, काही बोलला नाही. मग म्हणाला, "ग्राइंडर आणा रे."

त्या दिवशीची ट्रायल गेली. दोन जण माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. थँक्यू कुणीच म्हटलं नाही. ते पेडल खरंच तुटलं असतं का? माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. वेळेवर बोललेल्या माणसाची हीच पंचाईत असते. त्याचं ऐकलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही की लोकांना वाटतं, उगाच घाबरवत होता.

मला काय कळलं

भीती जाईल, मग मी बोलेन, या भरवशावर राहू नका. ती आधी जात नाही. गेली तर नंतर जाते, आणि टाळलेल्या प्रत्येक वेळी मात्र थोडी मोठी होते. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणतात ते यासाठीच. दुसरं, 'धैर्य दाखवायचं' असा विचार केला तर पाय लटपटतात. त्यापेक्षा पुढची छोटी कृती शोधायची. एक प्रश्न विचारायचा, एक टेस्ट करायची, एक सही करायची नाही. मॅकडोनल्डने त्या रात्री जग वाचवायला घेतलं नव्हतं, एका कागदावर नाव घालायचं नाकारलं होतं. तिसरं, एक सोबती शोधा. आणि दुसऱ्याला गरज असेल तेव्हा स्वतः सोबती व्हा. हे सगळ्यात सोपं आहे, नुसतं शेजारी उभं राहायचं असतं. आणि उद्या आपण सीनिअर होऊ, साहेब होऊ, तेव्हा एखादी ज्युनिअर चाचरत काही सांगायला आली तर निदान वाकून बघू या.

हा लेख द्यायच्या आधी मी त्या मित्राला गाठलं. कँटीनमध्ये चहा घेताना सगळं सांगितलं, की चावी मला दिसली होती. तो जरा वेळ गप्प बसला. भुवईवरची ती खूण अजून दिसते. मग म्हणाला, "तू ओरडली असतीस तर सर आधी तुझ्यावर ओरडले असते." मी मान हलवली. तो उठताना म्हणाला, "पण ओरडायला हवं होतंस."

हो रे. हवं होतं.